अपूची खोली, घरमालक आणि दिव्याचं बटण

त्या रविवारी मी लिहायला बसले होते. सकाळचे नऊ वाजले होते, चहाचा दुसरा कप झाला होता आणि एका लेखाचा अडलेला परिच्छेद एकदाचा जागेवर येत होता. तेवढ्यात घरमालकांचा फोन आला. अकरा महिन्यांचा करार संपत आला होता. भाडं किती वाढणार यावर आमचं मागच्याच महिन्यात बोलणं झालं होतं, आणि आता तसं काही बोलणं झालंच नव्हतं असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय बाथरूमच्या भिंतीला आलेल्या ओलीचा खर्च माझ्या डिपॉझिटमधून कापणार होते. पाऊण तास गेला. मग एजंटला फोन, मग ताईला फोन, मग जुने व्हॉट्सॲप मेसेज शोधत बसणं. संध्याकाळी लॅपटॉप उघडला तेव्हा तो परिच्छेद कुठे चालला होता हे मला आठवेना.

भांडण काही फार मोठं नव्हतं. भाड्याने राहणाऱ्या कुणालाही विचारा, याहून वाईट किस्सा मिळेल. पण दिवस गेला तो गेलाच. रात्री मी 'अपूर संसार' लावला, कारण त्यात असाच एक प्रसंग आहे हे आठवत होतं, आणि त्या प्रसंगात भाडेकरू जिंकतो असंही आठवत होतं. यातली दुसरी आठवण चुकीची निघाली. ती कशी चुकली, ते लिहिते.

सत्यजित राय यांचा 'अपूर संसार' 1959 चा. 'पथेर पांचाली' (1955) आणि 'अपराजितो' (1956) नंतरचा, अपूच्या गोष्टीचा तिसरा आणि शेवटचा भाग. सौमित्र चटर्जींचा हा पहिलाच चित्रपट, शर्मिला टागोर यांचाही. अपू कलकत्त्यात एकटा राहतो. इंटरपर्यंत शिकलाय, पुढे शिकायला पैसे नाहीत, नोकरी नाही. त्याला लिहायचंय. खोली रेल्वेच्या रुळांजवळची, गच्चीलगतची. खिडकीला फाटका पडदा आहे, बाहेर पाऊस आहे, आणि इंजिनाच्या शिट्ट्या सतत आत येतात. 'पथेर पांचाली'त हाच मुलगा बहिणीबरोबर रानातून धावत आगगाडी बघायला गेला होता. तेव्हा ते जगातलं सगळ्यात मोठं नवल होतं. आता तीच गाडी खिडकीखाली दिवसरात्र खडखडते, आणि खोली स्वस्त असण्याचं कारणही बहुधा तीच असावी. हे कुणी बोलून दाखवत नाही. सुब्रत मित्र यांचा कॅमेरा आणि बन्सी चंद्रगुप्त यांची कला-दिग्दर्शनातली नजर यांच्या जोरावर ती खोली आपल्याला इतकी ओळखीची होते, की ते सांगायची गरज उरत नाही.

तर या खोलीत घरमालक येतो. तीन महिन्यांचं भाडं थकलंय. मालक दुष्ट वगैरे नाही. तो पैसे मागायला आलाय आणि त्याचे पैसे खरोखर थकलेत. अपू हसून, बोलून वेळ मारून नेतो. शेवटी मालक निघतो आणि जाता जाता खोलीतला दिवा बंद करतो. अपू उठून तो पुन्हा लावतो. एवढ्यावर न थांबता बाहेरचाही लावतो.

कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही चक्क टाळ्या वाजवल्या होत्या. एकोणीस वर्षांचं असताना हा प्रसंग असाच दिसतो. मालकाकडे वीज आहे, भिंती आहेत, हिशेबाची वही आहे. आणि पोरगा भर दिवसा दोन दिवे लावून त्याला सांगतो, की या खोलीत काय करायचं ते मी ठरवणार. बटण हे शस्त्र म्हणून फारच सुंदर आहे. एक संवाद नाही, नुसती टिचकी.

या वेळी पाहताना मात्र त्याच्या पुढच्या गोष्टीकडे लक्ष गेलं. अपू कपडे करून बाहेर पडतो आणि पुस्तकं विकतो. शाळेत नोकरी मागायला जातो, तिथे त्याचं शिक्षण नेमकं जास्त भरतं. मग बाटल्यांवर लेबलं चिकटवायचं काम. तिथे तो दारातून आत बघतो, वाकून काम करणारी माणसं दिसतात, आणि हा परत फिरतो. संध्याकाळी खोलीवर येऊन बासरी वाजवत बसतो. समोरच्या घरातली बाई बघतेय हे लक्षात आल्यावर खिडकी लावून घेतो. एका मासिकाने त्याची कथा स्वीकारल्याचं पत्र येतं, आणि त्याचा चेहरा असा काही उजळतो की आपणही विसरतो, सकाळी काय झालं होतं ते.

पण राय विसरलेले नाहीत. या दिवसाची मांडणी बघा. अपू ज्या ज्या ठिकाणी जातो तिथे तो भाड्यापायी जातो. दिव्याचं बटण दाबून त्याने जिंकलेला विजय पाच-सहा सेकंदांचा आहे, बाकीचा अख्खा दिवस मालकाने ठरवलेला आहे. एका लेखकाचा दिवस आपण पाहतो आणि त्यात त्याला लिहिताना पाहत नाही. हे मला आधी कधी जाणवलंच नव्हतं. माझा रविवार गेला नसता तर अजूनही जाणवलं नसतं.

कलावंत आणि घरमालक ही जोडी रंगमंचाला जुन्या काळापासून आवडते. पुच्चीनीच्या 'ला बोएम' या ऑपेरात (पहिला प्रयोग तुरीनमध्ये, 1896) पहिल्याच अंकात नाताळच्या आदल्या संध्याकाळी पॅरिसमधल्या माळ्यावरच्या खोलीत चार कफल्लक मित्र बसलेत. कवी रोदोल्फो ऊब मिळावी म्हणून आपल्या नाटकाचं हस्तलिखित शेगडीत घालतो. तेवढ्यात बेन्वा नावाचा मालक भाडं मागायला येतो. हे त्याला दारू पाजतात, त्याच्या बाहेरच्या भानगडींबद्दल बोलतं करतात, आणि त्याने बढाया मारल्यावर नीतिमत्तेचा आव आणून त्याला दाराबाहेर घालवतात. प्रेक्षक खूश. आपल्याकडे 'अशी ही बनवाबनवी'मध्ये (1988) सुधीर जोशींचा सरपोतदार आणि अशोक सराफांचा धनंजय माने यांची जुगलबंदी त्याच घराण्यातली. इस्तंबूलच्या औषधाचे ते सत्तर रुपये आजही मीमरूपाने दर आठवड्याला माझ्या फोनवर येऊन पडतात. मला तो प्रसंग पाठ आहे आणि तरीही हसू येतं. पण या सगळ्यांत एक सोय आहे: मालक हास्यास्पद ठरला की भाड्याचा प्रश्नही हास्यास्पद ठरतो. जोनाथन लार्सनने 'ला बोएम'वरून 'रेंट' (1996) हे म्युझिकल न्यूयॉर्कमध्ये नेलं, तेव्हा त्याने ही सोय थोडी काढून घेतली. तिथे भाडं मागणारा बेनी या मित्रांचाच जुना रूममेट आहे.

रायही विनोदच करतात, पण खोली सोडत नाहीत. मालक बाहेर पडतो, प्रश्न आतच राहतो. आणि मग त्या खोलीत अपर्णा येते.

ती कशी येते ते माहीत असेल. मित्र पुलूबरोबर अपू एका लग्नाला जातो, नवरा वेडसर निघतो, मुहूर्त टळला तर मुलीचं आयुष्य बरबाद होईल या समजुतीपायी अपूच बोहल्यावर उभा राहतो. श्रीमंत घरची मुलगी त्या फाटक्या पडद्याच्या खोलीत येते, खिडकीशी उभी राहते आणि रडते. खाली अंगणात एक मूल खेळताना दिसतं, ती डोळे पुसते. पुढच्या दृश्यांत पडदा बदललेला आहे, खोली आवरलेली आहे, आणि अपर्णा कोळशाच्या शेगडीच्या धुरात बसलेली आहे.

इथे तो संवाद येतो ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. अपू आता कारकुनी करतो, वर शिकवणीही घेतो. तिचे कष्ट बघून तो म्हणतो, आणखी एक शिकवणी धरतो, म्हणजे कामाला बाई ठेवता येईल. अपर्णाचं उत्तर उलटं आहे. आहे ती शिकवणीही सोड, म्हणजे लवकर घरी येशील.

हे प्रेम आहेच. पण मला हा घरमालकाच्या प्रसंगाचा उत्तरार्धही वाटतो. सकाळच्या त्या दोन दिव्यांनी अपूने जे मागितलं होतं ते म्हणजे वेळ: स्वतःचा, कुणालाही हिशेब न देता वापरायचा. मालकाने तो दिला नाही, शाळेने नाही, लेबलांच्या कारखान्याने तर नाहीच. तो देते अपर्णा, आणि स्वतःच्या हातांनी देते. बाई ठेवायची नाही याचा अर्थ भांडी ती घासणार. घरात पैसा कमी आणि वेळ जास्त असेल, तर मधला फरक कुणीतरी भरून काढत असतं.

राय यांना हे दिसत होतं असं मी धरून चालते. तो प्रसिद्ध शॉट आठवा: अपू जेवतोय आणि अपर्णा वारा घालतेय, मग तिची जेवायची पाळी, आणि वारा घालतोय अपू. दोन चित्रांमध्ये अख्खा संसार. भारतीय सिनेमात नवरा-बायकोच्या बरोबरीचं इतकं साधं दृश्य मला दुसरं आठवत नाही. सिगारेटच्या पाकिटात तिने लिहून ठेवलेली चिठ्ठीही तशीच, लाडिक आणि धाक दाखवणारी. तरी या वेळी माझं मन थोडं अडलं. पंख्याची पाळी बदलते, शेगडीची बदलत नाही. अपूला कादंबरी लिहायची आहे. अपर्णाला काय करायचंय हे आपल्याला कळत नाही, आणि ते कुणी तिला विचारतही नाही. तिच्या कष्टांवर पडणारा उजेड इतका मऊ आहे की ते कष्ट वाटेनासे होतात. ही चित्रपटाची खोट आहे की 1959 च्या मध्यमवर्गीय नजरेची, यावर माझं मत रोज बदलतं. आज मला ती चित्रपटाची वाटते. शर्मिला टागोर यांच्या चेहऱ्यावर त्या वयातही एवढं काही दिसत होतं, की एखादा प्रश्न त्यांच्या वाट्याला द्यायला हरकत नव्हती.

अपर्णा बाळंतपणात जाते. अपू कलकत्ता सोडतो आणि एका डोंगरावर उभा राहून कादंबरीची पानं दरीत सोडून देतो. रोदोल्फोने उबेसाठी कागद जाळले होते, त्यामागे निदान व्यवहार होता. अपूने पानं का टाकली यावर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि बहुतेक वेळा उत्तर 'दुःख' असं येतं. बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक शक्यता दिसते. ती पानं ज्या वेळात लिहिली गेली तो वेळ त्याचा एकट्याचा नव्हता, आणि ज्या माणसाने तो दिला ते माणूस राहिलं नाही. आता त्या पानांवर फक्त आपलं नाव घालणं त्याला जमलं नसावं. चित्रपटात हे कुठे सांगितलेलं नाही, हे माझं वाचन.

माझ्या वाचनामागचं कारणही सांगून टाकते, नाहीतर हे सगळं फार निःस्वार्थ वाटेल. नोकरी सोडून मी लिहायला लागले तेव्हा पहिली दोन वर्षं माझ्या खोलीचं अर्धं भाडं ताईने भरलं. ती बँकेत आहे, सकाळी आठला घर सोडते. त्या दोन वर्षांत मी जे लिहिलं त्याबद्दल बोलताना 'मी धाडस केलं' असं मी किमान दोन जाहीर कार्यक्रमांत म्हटलंय. त्या रविवारी मालकांशी वाद घालून झाल्यावर मी तिला फोन केला, तो सल्ल्यासाठी असं मी वर सूचित केलंय. खरं तर पैशांसाठी होता.

मंगळवारी मालकांशी मिटलं. वाढ ते म्हणत होते त्याच्या निम्मी ठरली, ओलीचा खर्च माझ्या माथी बसला. परिच्छेद मी नव्याने लिहिला, आधीचा बहुधा बरा होता. ताईने 'अपूर संसार' पाहिलेला नाही. तिला पाठवलाय, पावणेदोन तासांचाच आहे असंही लिहिलं. वेळ मिळाला की बघते, म्हणाली.