पुष्पिका आणि पाटी

शहागंजांतील आमच्या घरीं जुनी पोथी आली म्हणजे आम्ही प्रथम शेवटचें पान पाहतों. पुष्पिकेंत लेखकाचें नांव व शक मिळाला तर पोथीचें मोल वाढतें. वस्तुसंग्रहालयांतील आदिवासी वस्तूंस मात्र हा न्याय क्वचितच मिळतो. पाटीवर बहुधा जमात व जिल्हा एवढेंच.

वारली चित्रांचेंच घ्या. लग्नघराच्या भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनी व त्या वेळीं गाणारी धवलेरी, ह्या परंपरेच्या मूळ अधिकारिणी. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनानें जिव्या सोमा म्हसे कागदावर चित्रें काढूं लागले. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. तें योग्यच, परंतु भिंतीवरील हात अनामच राहिले.

पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचें संचालकपद महादेव कोळी समाजांतील डॉ. गोविंद गारे यांनीं भूषविलें, हें भूषणावह होय. तथापि एकाच्या अधिकारानें रीत बदलत नाहीं. प्रशिक्षण आधीं आम्हां संग्राहकांस हवें: वस्तु कोणाची, कोणत्या विधीची, दाखवावी कीं नाहीं, हें गांवीं जाऊन विचारण्याचें. आदिवासी तरुणांसही केवळ वाटाडे न ठेवितां निवड करण्याच्या व पाटी लिहिण्याच्या आसनावर बसवावें.

'त्या बायकांनीं नांवें लिहिलीं नव्हतीं,' असा आक्षेप येईल. पुष्पिका नसतां आम्ही अक्षरवळणावरून लेखक शोधतों. येथें तर चौक लिहिणारीं माणसें हयात आहेत, आणि विचारणें एवढेंच राहिलें आहे.