भटकंती आणि भटकेपण : मराठी गद्यातील तंबू, राहुटी आणि पाल

प्रस्तावना :

अकोले तालुक्यातील साम्रद गावाजवळची सांदण दरी ही काळ्या बेसाल्ट खडकाला पडलेली अरुंद व खोल भेग आहे. तिच्या तळापर्यंत ऊन क्वचितच पोहोचते. गेल्या काही वर्षांत या दरीच्या परिसरात, भंडारदरा व पवना जलाशयांच्या काठी आणि सह्याद्रीतील अनेक पठारांवर तंबू ठोकून रात्र काढण्याची हौस वाढली आहे. निर्जन जागा, उघडे आकाश, दगडांची चूल आणि कापडी छप्पर यांचे आकर्षण शहरातील सुशिक्षित वर्गाला वाटू लागले आहे. या हौसेला मराठीत ‘भटकंती’ असे नाव मिळाले असून वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि प्रवासपर पुस्तकांतून तो शब्द प्रतिष्ठित झाला आहे.

त्याच धातूपासून बनलेला ‘भटक्या’ हा शब्द मात्र मराठीत प्रतिष्ठा मिळवू शकलेला नाही. भटकंती करणारा रसिक ठरतो, भटका मनुष्य संशयित ठरतो. गावाबाहेरच्या माळावर, दगडांच्या चुलीशेजारी, कापडी छपराखाली दोघेही रात्र काढतात. पण पहिल्याच्या निवाऱ्याला ‘तंबू’ म्हणतात आणि दुसऱ्याच्या निवाऱ्याला ‘पाल’. या दोन शब्दांतील अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांवर मराठीत पुष्कळ समीक्षा झाली. परंतु तीत पालाकडे बहुधा दारिद्र्याची पार्श्वभूमी म्हणूनच पाहिले गेले. पाल हे या आत्मकथनांच्या रचनेचेही केंद्र आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

तंबूचे तीन वंश :

मराठी भाषेत कापडी निवाऱ्यासाठी अनेक शब्द आहेत : तंबू, डेरा, राहुटी, शामियाना, पाल. त्यांचा अर्थ स्थूलमानाने एक असला तरी सामाजिक वंश वेगवेगळे आहेत.

पहिला वंश सत्तेचा होय. छावणी, डेरा, शामियाना हे शब्द लष्कर आणि दरबार यांच्याशी निगडित आहेत. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचे अधिकारी हिवाळ्यात तंबू घेऊन दौऱ्यावर निघत आणि तंबूतच कज्जे ऐकत. हिंगोलीला हा वंश परका नाही. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंटची एक छावणी या गावी होती. निजामाच्या नोकरीत असलेल्या फिलिप मेडोज टेलर याच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या कादंबरीच्या प्रास्ताविकातही हिंगोलीच्या छावणीचा उल्लेख येतो. ठगांच्या बंदोबस्ताच्या त्या काळात, वाटेवर मुक्काम करणारा अनोळखी मनुष्य धोकादायक असतो ही धारणा राज्यकर्त्यांच्या मनात पक्की झाली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात तिला कायदेशीर रूप मिळाले. अधिकाऱ्याचा तंबू राज्याची खूण ठरला आणि फिरस्त्याचे पाल गुन्ह्याची खूण ठरले. दोन्ही निवारे हलते होते. हलण्याचा अधिकार मात्र एकालाच होता.

दुसरा वंश वारीचा होय. ‘वाळवंट’ हा शब्द आज भूगोलाच्या पुस्तकामुळे राजस्थान किंवा सहारा यांची आठवण देतो. परंतु मराठी मनात त्याचा जुना अर्थ चंद्रभागेच्या पात्रातील वाळूचा विस्तार असा आहे. ते रिकामे नसते, तेथे कीर्तन उभे राहते. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाणारे नर्सी हे गाव हिंगोली जिल्ह्यातच आहे. पंढरीच्या वाटेवर दिंडीची राहुटी उभी राहते तेव्हा गाव तिला जागा देते, पाणी देते, पंगत घालते. दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’ (१९६४) या पुस्तकात या वाटेचे तटस्थ आणि तरीही जिव्हाळ्याचे चित्रण आहे. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात वारीचे अप्रूप मांडतानाच, दिंडीतही जेवणाच्या वेळी जातीचे वेगळेपण कसे शिल्लक राहते हे खेदाने नोंदविले. राहुटी पवित्र असली तरी तिच्या आतली मांडणी गावासारखीच असते, हे त्यांच्या निरीक्षणाचे मोल आहे.

तिसरा वंश पालाचा होय. काठ्या आणि जुनी कापडे किंवा गोणपाट यांवर उभे राहणारे पाल अंग चोरून बसण्यापुरतेच असते. ते गावाच्या हद्दीत असते, पण गावात नसते. कैकाड्यांनी विणलेल्या कणग्या व टोपल्या, बेलदारांनी फोडलेला दगड, जोश्याने सांगितलेले भविष्य या साऱ्यांची गावाला गरज असते. वस्तू व सेवा वेशीच्या आत येतात, ती देणारी माणसे वेशीबाहेर राहतात.

स्वेच्छेचा मुक्काम :

मराठीतील निसर्गलेखन व भ्रमणलेखन समृद्ध आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ हे जंगलातील मुक्कामाचे फलित आहे. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनाधिकारी म्हणून आयुष्याचा मोठा भाग रानात काढला आणि मराठीला पशुपक्ष्यांचे व झाडांचे नवे शब्दभांडार दिले. गो. नी. दांडेकरांनी गडकोट पायांखाली घातले आणि ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मध्ये नर्मदा परिक्रमेचा अनुभव साकारला. या लेखनाचे वाङ्मयीन मोल निर्विवाद आहे. तथापि, या साऱ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : मुक्काम संपल्यावर परत जाण्यासाठी घर आहे, किंवा ते बुद्धिपुरस्सर सोडलेले आहे. म्हणूनच गैरसोय हा अनुभव बनतो आणि उपवास हे व्रत बनते. परिक्रमावासीयाला मिळालेली शिधासामग्री दात्याच्या पुण्यात जमा होते. पालातील बाईने मागितलेली भाकर मात्र भीक ठरते. देणारा हात तोच असतो, घेणाऱ्याच्या पाठीमागे घर आहे की नाही यावरून दानाचे नाव बदलते.

माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या दृष्टीने वेगळी ठरते. येथे बाहेरून आलेला मनुष्य शिक्षक आहे आणि त्या कोरड्या मुलखाचे खरे रहिवासी धनगर आहेत. परंतु दुष्काळ पडताच वाडी मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडते, शाळा ओस पडते आणि शिक्षकालाही निघावे लागते. स्थिर वस्ती आणि भटकेपण यांच्यातील सीमारेषा किती पुसट आहे, हे ही कादंबरी कोणताही उपदेश न करता दाखविते. एक पाऊस चुकला की वाडीचा तांडा होतो. मात्र ‘बनगरवाडी’ निघून गेलेल्यांच्या मागे जात नाही. ती रिकाम्या वाडीपाशी थांबते. निघून गेलेल्यांचे पुढे काय झाले हे सांगण्याचे काम पुढच्या पिढीच्या आत्मकथनांनी केले.

पाल : रचनेचे केंद्र

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली प्रसिद्ध झाले आणि पुढील वर्षी त्यास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर दादासाहेब मोरे यांचे ‘गबाळ’, आत्माराम राठोड यांचे ‘तांडा’, अशोक पवार यांचे ‘बिराड’, जनाबाई गिऱ्हे यांचे ‘मरणकळा’, विमल मोरे यांचे ‘तीन दगडाची चूल’ अशी आत्मकथने आली. यांची शीर्षकेच प्रथम विचारात घेण्यासारखी आहेत. ‘गबाळ’ आणि ‘बिराड’ ही पाठीवर किंवा जनावरावर लादता येणाऱ्या संसाराची नावे आहेत. ‘तीन दगडाची चूल’ तर वाहूनही न्यावी लागत नाही. दगड प्रत्येक माळावर मिळतात. ‘तांडा’ हे चालणाऱ्या समूहाचे नाव आहे आणि ‘उपरा’ हे गावाने ठेवलेले नाव. घर, अंगण, ओसरी यांपैकी एकही शब्द शीर्षकात नाही.

शिवाय हे शब्द प्रमाण मराठीत हिणकस अर्थाने वापरले जातात. नीटनेटका न राहणारा तो गबाळा. सतत बदली होणारा नोकरदार स्वतःवरच विनोद करीत विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे म्हणतो. स्थिर समाजाने उपमेसाठी वापरलेले शब्द या लेखकांनी त्यांच्या मूळ अर्थासह परत घेतले. ही केवळ शब्दनिवड नसून भाषेतील मालकीचा प्रश्न आहे.

दुसरी बाब निवेदनाच्या रचनेची आहे. या आत्मकथनांतील प्रसंग सलग कथानकात गुंफलेले नाहीत, ते तुटक आहेत, असा आक्षेप घेता येतो. परंतु घराघरातून वाढलेल्या माणसाची आठवण खोल्यांभोवती रचली जाते, तशी पालात वाढलेल्या माणसाची आठवण मुक्कामांभोवती रचली जाते. एक गाव, एक माळ, तेथील एक अपमान किंवा एक पोटभर जेवण, आणि पाल उठले. पुढचे प्रकरण पुढच्या गावी. तुटकपणा हा येथे कलेतील उणीव नसून जगण्याचा आकार आहे.

तिसरी बाब शाळेची होय. ‘उपरा’ व ‘गबाळ’ यांत शिक्षण हा मध्यवर्ती संघर्ष आहे. शाळा एका जागी असते आणि पाल हलते. त्यामुळे शिकू पाहणाऱ्या मुलाला पालापासून, म्हणजेच आईबापांपासून, तुटावे लागते. जातपंचायतीचा विरोध ही या संघर्षाची दुसरी बाजू आहे. ‘उपरा’तील नायक शिकतो, जातीबाहेर विवाह करतो आणि अखेर दोन्हीकडे उपरा ठरतो. पक्के छप्पर मिळणे हा या कथनांचा सुखान्त आहे असे मानणे म्हणूनच वरवरचे ठरेल.

चौथी बाब स्त्रियांची आहे. पुरुषांच्या आत्मकथनांत पाल ही प्रामुख्याने निघण्याची जागा आहे. पाल उभे करणे, पाणी शोधणे, चूल मांडणे, बाळंतपण उरकणे ही कामे मात्र स्त्रियांची असतात. विमल मोरे यांनी शीर्षकासाठी छप्पर न निवडता चूल निवडली, हे अर्थपूर्ण आहे. बिराड जेथे थांबते तेथे पाल आधी की चूल आधी, या प्रश्नाचे उत्तर स्त्रीच्या कथनात वेगळे मिळते.

अर्थात, या वाचनाला दोन मर्यादा सांभाळाव्या लागतात. पालाचे सौंदर्य शोधता शोधता दारिद्र्याचेच सौंदर्य रंगविण्याचा धोका आहे. भटकंतीच्या लेखनाने तोच केला. उलटपक्षी, ही पुस्तके केवळ समाजशास्त्रीय दस्तऐवज मानल्यास त्यांच्या लेखकांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच उभे ठेवले जाते. आपल्या महाविद्यालयीन अध्यापनात दुसरी चूक अधिक होते. ‘बनगरवाडी’ शिकविताना निवेदनतंत्र शिकविले जाते आणि ‘उपरा’ शिकविताना केवळ समस्या शिकविल्या जातात.

पालाचा पत्ता :

हा प्रश्न वाङ्मयापुरता मर्यादित नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात बंजारा तांडे आहेत, मेंढपाळ आहेत, आणि गावांच्या कडेला आजही पालं पडतात. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात हंगामभर कोपीत राहतात. या कुटुंबांतील मुले महाविद्यालयात प्रवेश घेतात तेव्हा त्यांच्यापुढे पहिला प्रश्न येतो तो कागदाचा. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या प्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही मानीव तारीख आहे. त्या तारखेस किंवा त्यापूर्वी कुटुंबाचे वास्तव्य राज्यात होते याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आजोबांचे वास्तव्य दर आठवड्याला बदलत होते, त्यांनी वास्तव्याचा पुरावा कोठून आणावा? भटके असल्याचा दाखला मिळण्यासाठी स्थिर असल्याचे सिद्ध करावे लागते, हा त्यातील विरोधाभास आहे. केंद्र शासनाने नेमलेल्या रेणके आयोगाने २००८ साली आपला अहवाल दिला. राज्यात यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आली. तरीही पालाला पत्ता मिळण्याचा प्रश्न सुटलेला नाही.

भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांचे पुनर्वाचन येथे उपयोगी ठरते. शासनाच्या दप्तरात ज्या मुक्कामांची नोंद नाही, त्या गावांची, माळांची आणि नद्यांची नोंद या पुस्तकांनी केली आहे. मराठी वाङ्मयाने पालाला दिलेला तो एकमेव पत्ता आहे.

निष्कर्ष :

१. तंबू, राहुटी व पाल हे मराठीत केवळ समानार्थी शब्द नसून अनुक्रमे सत्ता व हौस, श्रद्धा आणि बहिष्कार यांचे निदर्शक आहेत.

२. मराठी भ्रमणलेखनात निर्जन मुक्कामाचा आनंद परतण्याच्या शाश्वतीवर उभा आहे. ‘बनगरवाडी’ ही शाश्वती काढून घेते, परंतु निघून गेलेल्यांच्या मागे जात नाही.

३. भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांतील शीर्षके, तुटक निवेदन, शाळेशी असलेला तणाव आणि स्त्रीकथनातील चुलीचे स्थान यांचा उलगडा पालाला रचनेचे केंद्र मानल्यास होतो.

४. ही आत्मकथने शिकविताना आशयाबरोबरच त्यांच्या घाटाचाही विचार व्हावयास हवा. तसे झाल्यास पालातून वर्गात आलेल्या विद्यार्थ्याला आपले पूर्वज समस्येचे उदाहरण म्हणून नव्हे, तर एका स्वतंत्र कथनपद्धतीचे निर्माते म्हणून भेटतील.