ब्लँच कॅलोवेची हाक

'जस्ट अ क्रेझी साँग' हे गाणं शब्दांसाठी ऐकायचं नाही. 1931 साली व्हिक्टर कंपनीने काढलेल्या या तबकडीत शब्द नावापुरते आहेत. ऐकायची ती अमेरिकन जॅझ गायिका ब्लँच कॅलोवेची हाक. ती 'हाय-हाय-हाय' अशी आरोळी ठोकते आणि मागचे वादक ती झेलून परत करतात. शाहिरामागे झीलकरी सूर धरतात, त्याच जातीचा हा खेळ. गाणारी बाई आणि साथीचा बँड असे दोन भाग इथे उरतच नाहीत. बँड कोणाच्या ताब्यात आहे, हे हातात छडी न दिसताही कळतं.

तिचा आवाज रूढ अर्थाने गोड नाही. खडा, भरदार, कडेला थोडा खरखरीत. पण लयीला पक्का. ही खरखर तिची मुद्दाम कमावलेली चीज असावी, असं मला वाटतं. कारण 1925 साली शिकागोत ओके कंपनीसाठी तिने गायलेलं 'लेझी वुमन्स ब्लूज' ऐकलं की वेगळीच ब्लँच भेटते. पियानोवर रिचर्ड जोन्स, कॉर्नेटवर लुई आर्मस्ट्राँग. त्या काळातल्या ब्लूज गायिकांची संथ, ओढलेली चाल तिने निष्ठेने धरली आहे. गाणं चांगलं आहे, पण तिचं स्वतःचं असं त्यात फार थोडं. आर्मस्ट्राँग शेजारी असल्यावर कान त्याच्याकडेच जातो, हाही भाग आहेच. सहा वर्षांनंतरच्या तबकड्यांत मात्र तिच्यावरून कान हलत नाही.

मधल्या काळात तिने रंगमंच पचवला होता. बाल्टिमोरमध्ये वाढलेली, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या आईची ही मुलगी 'प्लँटेशन डेज'सारख्या संगीत-नृत्याच्या फिरत्या खेळांत मुरली. प्रेक्षकाला पहिल्या मिनिटात कसं पकडायचं हे तिथे शिकावंच लागतं. 1931 च्या सुरुवातीला फिलाडेल्फियाच्या पर्ल थिएटरात अँडी कर्कचा बँड तिच्या साथीला होता. मार्चमधल्या पहिल्या ध्वनिमुद्रणातले वादक त्याचेच. पियानोवर मेरी लू विल्यम्स. 'आय नीड लव्हिन' त्याच बैठकीतलं. तो अख्खा बँडच ब्लँचच्या नावावर करायचा थिएटरवाल्यांचा डाव होता. कर्क सावध झाला आणि निघून गेला. मग तिने स्वतःचा ताफा उभा केला, 'जॉय बॉइज'. सगळे पुरुष, पुढे ती. पुरुष वादकांचा बँड चालवणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते.

तिची पारख किती तिखट होती हे वादकांच्या नावांवरूनच दिसतं. टेनर सॅक्सोफोनवाला बेन वेबस्टर पुढे ड्यूक एलिंग्टनच्या बँडचा आधार झाला. त्याची पहिली ध्वनिमुद्रणं ब्लँचच्या बँडमधली आहेत. ड्रमवर कोझी कोल, पियानोवर क्लाइड हार्ट. तीन मिनिटांच्या तबकडीत ती यांना वाजवायला मोकळीक देते, आणि परत येते ती नेमक्या जागी. बँडचा नेता म्हणून तिचं मोठेपण मला इथे सगळ्यात जास्त जाणवतं. नाव आपलं, पैसा आपला, तरी तिन्ही मिनिटं आपणच व्यापायची नाहीत, हे भल्याभल्यांना जमलेलं नाही.

धाकटा भाऊ कॅब कॅलोवे याचं 'मिनी द मूचर' याच 1931 सालचं. त्यातली हाक आणि प्रतिसाद जगभर गाजला. कॅबला या धंद्यात आणलं ब्लँचनेच. 1927 मध्ये तो तिच्याबरोबर 'प्लँटेशन डेज'मध्ये दाखल झाला. आणि आज तिची ओळख काय, तर कॅबची बहीण. दोघांच्या तबकड्या शेजारी ठेवून ऐका. रंगमंचावरची ती ऐट कोणाच्या सहवासात घडली, हे वेगळं सांगावं लागत नाही.

1936 साली मिसिसिपीतल्या याझू शहरात पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह वापरायला गेल्याबद्दल ब्लँचला आणि तिच्या एका वादकाला अटक झाली. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या व्यवस्थेचा तो प्रदेश. वादकाला पिस्तुलाच्या दस्त्याने मारलं, दोघांना तुरुंगात टाकलं, साडेसात डॉलर दंड केला. ती आत असताना बँडमधलाच एक जण पैसे घेऊन पळाला. बाकीच्यांना तिथून बाहेर काढण्यासाठी तिने आपली पिवळी कॅडिलॅक विकली. 1938 मध्ये दिवाळं निघून बँड मोडला.

बाई मात्र मोडली नाही. वॉशिंग्टनमध्ये रूथ ब्राउन या तरुण गायिकेला हेरून तिने तिची व्यवस्थापक होणं पत्करलं आणि तिला अटलांटिक कंपनीच्या दारात नेऊन उभं केलं. पुढे फ्लोरिडात रेडिओवर निवेदन केलं, काळ्या स्त्रियांसाठी सौंदर्यप्रसाधनांची कंपनी काढली. 1978 च्या डिसेंबरात बाल्टिमोरमध्ये ती वारली.

बेन वेबस्टर किंवा कॅब कॅलोवे यांच्याकडून तिच्यापर्यंत येऊ नका. थेट तिच्याकडे जा. आधी 'लेझी वुमन्स ब्लूज', मग 'आय नीड लव्हिन', शेवटी 'जस्ट अ क्रेझी साँग', या क्रमाने ऐका, आणि दुसऱ्यांदा ऐकताना लक्ष फक्त प्रतिसाद देणाऱ्या वादकांवर ठेवा.