आईचं नाव आलं, पण कुठे?

शासन निर्णय कुणी साहित्य म्हणून वाचत नाही. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येते, आपण रक्कम, मुदत आणि पात्रता बघतो आणि पुढे जातो. मार्च २०२४ मधला एक निर्णय मात्र मला कवितेसारखा शब्द-शब्द करून वाचावासा वाटतो. तो माणसाच्या नावाबद्दल आहे, आणि नावाच्या ओळीत कोण कुठे बसतं याला अर्थ असतो.

निर्णय असा: १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं नाव महाराष्ट्रातल्या सरकारी कागदपत्रांत स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं. जन्मदाखला, शाळाप्रवेशाचा अर्ज, सातबारा, शिधापत्रिका, सेवापुस्तक, सगळीकडे. आधीही आईचं नाव असायचं, पण वेगळ्या रकान्यात. आता ती रकान्यातून नावात आली. हे चांगलंच झालं. 'नावाने काय होतं' असं म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या नावातून वडिलांना काढून बघावं, म्हणजे कळेल.

पण आता एक काल्पनिक नाव घेऊ: सायली सविता रमेश कदम. पहिला शब्द बोटाने झाका. उरतं 'सविता रमेश कदम'. म्हणजे लग्न झालेल्या बाईचं, नवऱ्यासकट लिहिलेलं पूर्ण नाव. आई लेकीच्या नावात आली ती एकटी आली नाही, नवऱ्याचं नाव आणि आडनाव घेऊनच आली. सविताच्या आईवडिलांचा, तिच्या माहेरच्या आडनावाचा या ओळीत मागमूस नाही. वडील होते तिथेच आहेत. त्यांच्या अलीकडे थोडं सरकून एक खुर्ची मांडली, इतकंच.

ही केवळ माझी शब्दांची खेळी आहे असं वाटत असेल, तर त्याच निर्णयातलं पुढचं कलम वाचा. विवाहित स्त्रीच्या बाबतीत प्रचलित पद्धतच चालू राहील: तिचं नाव, पतीचं नाव, आडनाव. मिळकतीच्या कागदांवर लग्नाआधीच्या नावाने नोंद करण्याची मुभा आहे, तेवढी सवलत. म्हणजे आज जन्मलेल्या सायलीला आईचं नाव मिळालं, आणि उद्या ती 'प्रचलित पद्धती'ने लग्न करून गेली की ते गळून पडणार. तिच्या भावाच्या नावात मात्र आई जन्मभर राहील. समानतेसाठी काढलेल्या कागदावर आईचं नाव मुलाकडे कायमचं आणि मुलीकडे लग्नापुरतं, ही विसंगती लिहिणाऱ्याच्या लक्षात आली नसेल? की लक्षात येऊनही 'प्रचलित' या शब्दाआड ती झाकली?

आईच्या नावाने ओळखलं जाणं आपल्याकडे नवं नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. राजे आईच्या नावाने मिरवत होते, तरी गादी बापाकडून मुलाकडेच जात होती. आईचं नाव आणि आईचा अधिकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या दगडावर दोन हजार वर्षांपासून लिहिलेलं आहे.

अधिकाराचा प्रश्न कधी कधी एका शब्दात अडकलेला असतो. हिंदू अज्ञान मुलांच्या पालकत्वाच्या १९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यानंतर' आई आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या पालक म्हणून केलेला अर्ज रिझर्व्ह बँकेने अडवला, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, 'त्यानंतर' म्हणजे वडील वारल्यानंतरच असं नव्हे, त्यांच्या अनुपस्थितीतही. अर्थ सैल झाला, पण कायद्यातला क्रम तोच राहिला. एका कादंबरीकार बाईला एका शब्दाच्या अर्थासाठी थेट सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं.

आणि २०२५ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेची ई-केवायसी आली, तेव्हा महिना १५०० रुपये घेणाऱ्या बाईकडे स्वतःच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं, हे कारण समजू शकतं. पण ज्यांना पती नाही, वडीलही नाहीत, त्या बायका त्या स्क्रीनवर अडकल्या आणि त्यांच्यासाठी नंतर वेगळी सोय करावी लागली. फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यात बाई एकटी उभी राहूच शकत नव्हती. नावाच्या निर्णयातही ती तशीच, कुणाच्या तरी शेजारी उभी आहे.

मला हा निर्णय रद्द व्हायला नको आहे, त्याचं दुसरं प्रारूप हवं आहे. त्यात लग्नानंतरही मुलीचं जन्मनाव हाच मूळ नियम असेल आणि नाव बदलायचं तर तिने स्वतः अर्ज करावा. आडनाव आईचं की वडिलांचं, हे दोघांनी ठरवावं. यासाठी दोन-तीन वाक्यं बदलावी लागतील, फार नाही.

१ मे २०२४ नंतर जन्मलेली पहिली पोरं २०३० च्या जूनमध्ये पहिलीत बसतील. बाई हजेरी घेताना चार शब्दांची नावं वाचतील. त्यातली एखादी घरी येऊन विचारेल, "आई, माझ्या नावात तू आहेस, मग तुझ्या नावात आजी का नाही?" उत्तर शोधायला सहा वर्षं मिळाली होती, हे तेव्हा कुणी विसरू नये.