जोजोचं खोटं

परवा घरी ‘जोजो रॅबिट’ (२०१९) पुन्हा पाहिला. तैका वैटिटी या न्यूझीलंडच्या दिग्दर्शकाला याच चित्रपटासाठी २०२० साली रूपांतरित पटकथेचं ऑस्कर मिळालं. सोबत थोरली मुलगी होती. दहा वर्षांचा हिटलरभक्त जोजो आणि त्याच्या मनातला विदूषकी हिटलर (हे काम दिग्दर्शकानेच केलं आहे) पाहून ती खो खो हसली. शेवटी म्हणाली, “बाबा, किती गोड मुलगा!” मी गप्प बसलो, कारण मूळ कादंबरी वाचलेली होती.

क्रिस्टीन ल्यूनन्स यांच्या ‘केजिंग स्काइज’मध्ये मनातला हिटलर नाहीच. तिथे व्हिएन्नातला योहानेस स्वतःची कहाणी सांगतो. आईने एल्सा या ज्यू मुलीला भिंतीमागे लपवलंय हे त्याला कळतं. आधी द्वेष, मग ओढ. इथवर दोन्हीकडे साधारण तेच. फरक पडतो तो युद्ध संपल्यावर. एल्सा बाहेर पडली तर आपली राहणार नाही, या भीतीने योहानेस तिला सांगतो की जर्मनीने युद्ध जिंकलं. हे खोटं तो वर्षानुवर्षे चालवतो. हिटलर मेला, नाझी गेले. दाराला कडी मात्र आता हा लावतो, तीही प्रेमाच्या नावाखाली.

चित्रपटातला जोजोही तेच खोटं बोलतो, पण जेमतेम काही मिनिटं. मग तो तिला बाहेर आणतो, खरं कळल्यावर ती त्याच्या थोबाडीत मारते, आणि दोघं रस्त्यात नाचू लागतात. झाला हिशेब पुरा!

विनोदाला माझी हरकत नाही. बुटांचा प्रसंगच घ्या. आईचे बूट आपल्याला आधीपासून दिसत राहतात, नाचताना, कठड्यावरून चालताना. एके दिवशी निळ्या फुलपाखरामागे गेलेला जोजो उठून उभा राहतो, तर शेजारी तेच बूट अधांतरी लटकलेले. फाशी दिलेल्या आईचा चेहरा दाखवलेलाच नाही. इतका वेळ हसणारी आमची कन्या तिथे एकदम गप्प झाली. आधी हसवलं नसतं तर हा घाव इतका खोल गेला नसता.

म्हणजे वैटिटींना जमत होतं. पण त्यांनी नायकाला दहा वर्षांचा ठेवला, आणि तिथेच सुटका करून घेतली. दहा वर्षांच्या पोराचं खोटं हा पोरकटपणा; तेच तरुण माणसाने केलं की गुन्हा.

माझी प्रत सध्या मुलीकडे आहे. काल जेवताना तिने विचारलं, “बाबा, हा तिला खरं सांगतो तरी कधी?”