‘पश्चिम तीर’ म्हणजे कोठवर ? : एका सीमानिर्णयाचे परीक्षण

अमेरिकेतील व्हर्माँट व न्यू हॅम्पशायर या शेजारी राज्यांत कनेक्टिकट नदीच्या सीमेविषयी १९१५ साली दाखल झालेला वाद तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९३३ साली निकालात काढला. वादाचे मूळ इंग्लंडच्या राजाच्या १७६४ च्या आज्ञेतील ‘पश्चिम तीर’ या शब्दांत होते.

राज्यक्रांतीने ती आज्ञा रद्द झाली, सबब सीमा प्रवाहाच्या मध्यावर, असा व्हर्माँटचा पक्ष. परंतु तीरापलीकडील हक्क सोडल्याचा त्याचा स्वतःचाच १७८२ चा ठराव यास बाधक होतो. उलट काठावरील झाडोऱ्यापर्यंतची भूमी आपली, हे न्यू हॅम्पशायरचे म्हणणे दीर्घ वहिवाटीपुढे टिकले नाही. पश्चिमेकडील नीचतम जलरेषा हीच सीमा ठरली. मात्र असाधारण अवर्षणातील रेषा त्यात धरली नाही.

केवळ कोशावर न विसंबता मूळ लेख, उत्तरकालीन लेख व वहिवाट यांची एकवाक्यता साधली, ही पद्धती आम्हांस सर्वथा ग्राह्य वाटते. आमचा आक्षेप निराळा आहे. बंधारे नसते तर जी रेषा असती ती प्रमाण, असे १९३४ चा हुकूमनामा म्हणतो. म्हणजे जेथे पाणी अडविले आहे तेथे सीमा अदृश्य झाली. खुणा स्पष्ट दिसतात अशा ज्येष्ठ मासात सीमा ठरवावी, असे मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. ती दृष्टी येथे उणी पडली व ती उणीव खुणेच्या दगडांनी भरून काढावी लागली.

आमच्या संग्राहकांनी यावरून इतकेच घ्यावे : सनदेत ‘नदीकाठ’ आढळताच हद्द ठरली असे मानू नये, वहिवाटीचे कागदही शोधावेत.