सूत कुठे होतं? आर्नोल्ड बाकेंचा संग्रह वाचताना

पेट पास झालेले ज्युनिअर भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डेटा कुठून मिळेल?" डेटासोबतचे कागद कुठून मिळतील, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही. पहिल्या वर्षी मीही ते कोणाला विचारलं नव्हतं आणि त्याची किंमत मोजली. ती गोष्ट आधी सांगतो, कारण आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

माझं एमएस्सी फिजिक्समध्ये झालं. पीएचडीचा विषय तंबोऱ्याच्या ध्वनीचं विश्लेषण. पहिल्या वर्षी मी तंबोऱ्याच्या तारांची ३६ रेकॉर्डिंग्ज घेतली. माइक चांगला होता, खोली शांत होती, फायली नीट सेव्ह केल्या होत्या. आठ महिन्यांनी आलेख घेऊन गाईडकडे गेलो. मॅडमनी ते पाहिले आणि विचारलं, "सूत कुठे होतं?"

"जवारी लागली होती, मॅडम."

"ती लागली होती हे ऐकूनही कळतं. सूत घोडीवर नेमकं कुठे होतं, ते लिहिलंय का?"

लिहिलं नव्हतं. तार आणि घोडी यांच्यामधलं ते सूत जरासं सरकलं की वरच्या स्वरांशांचं सगळं गणित बदलतं. मी मोजत होतो तेच, आणि नेमकी त्याचीच नोंद नव्हती. ३६ च्या ३६ फायली बाद झाल्या. आवाज अजूनही सुंदर आहेत, पण पुरावा म्हणून त्यांचा उपयोग शून्य.

त्यानंतर मी जुन्या संशोधकांचे संग्रह वेगळ्या नजरेने बघायला लागलो. त्यातला एक संग्रह संशोधनात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असं मला वाटतं. तो आहे आर्नोल्ड बाके यांचा.

बाके कोण होते?

बाके डच. जन्म १८९९. संस्कृत आणि संगीत दोन्ही शिकलेले, स्वतः गाणारे. १९२५ मध्ये ते शांतिनिकेतनला आले आणि काही वर्षं तिथे राहिले. दामोदराच्या 'संगीतदर्पण' या संस्कृत ग्रंथाच्या पहिल्या दोन अध्यायांवर त्यांचा प्रबंध आहे, आणि त्यावर १९३० मध्ये त्यांना उत्रेख्त विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. पुढे ते आणि पत्नी कोर्नेलिया पुन्हा भारतात आले. त्या काळात भारत, नेपाळ, श्रीलंका असं फिरून त्यांनी गाणी, वाद्यं, मंत्रपठण, नृत्य यांची रेकॉर्डिंग्ज केली, फिल्म घेतल्या. महायुद्ध संपल्यावर ते लंडन विद्यापीठाच्या 'सोआस'मध्ये संस्कृत आणि भारतीय संगीत शिकवू लागले. १९६३ मध्ये ते वारले.

आता थोडं खटकणारं. इतकी वर्षं फिरून, इतकी रेकॉर्डिंग्ज करून, त्यांवर आधारलेला मोठा ग्रंथ त्यांनी लिहिला नाही. रवींद्रनाथांच्या २६ गाण्यांचं स्वरलेखन केलेलं पुस्तक आहे, लेख आहेत, 'न्यू ऑक्सफर्ड हिस्टरी ऑफ म्युझिक'च्या पहिल्या खंडात भारतीय संगीतावरचं प्रकरण आहे. आजच्या हिशेबाने एखाद्या समितीसमोर हा बायोडेटा ठेवला तर कोणीतरी नक्की म्हणेल, "फील्डवर्क भरपूर आहे, पण आउटपुट काय?"

माझं मत असं की त्यांचा संग्रह हेच त्यांचं खरं आउटपुट आहे, आणि छापलेल्या लिखाणापेक्षा ते मोठं आहे. मात्र त्याचं मोठेपण एकट्या रेकॉर्डिंग्जमध्ये नाही. रेकॉर्डिंग, फिल्म, टिपणं आणि पत्रं एकमेकांशेजारी ठेवली तरच ते दिसतं. तीन उदाहरणं देतो. तिन्ही फिजिक्सवाल्याच्या बाजूने.

एक : गायक काळी एकमध्ये गात होता का?

तिशीच्या सुरुवातीला बाके मेणाच्या नळ्यांवर रेकॉर्डिंग करत. त्या नळ्या बर्लिनच्या फोनोग्राम-आर्काइव्हकडे जात. तिथे मेणावरून तांब्याचा उलटा साचा काढून प्रती बनवत, कारण मेण प्रत्येक वेळी वाजवताना झिजतं.

नळी किती वेगाने फिरली त्यावर स्वराची उंची ठरते. समजा रेकॉर्डिंगच्या वेळी ती मिनिटाला १६० फेरे घेत होती आणि आज आपण ती १७० फेऱ्यांनी वाजवली. गुणोत्तर झालं १.०६२५. म्हणजे स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने वर गेला. काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनमध्ये ऐकू येणार, लयही तेवढीच चढी वाटणार. त्यावरून 'या भागातले गायक चढ्या पट्टीत गातात' असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो वाजवणाऱ्या यंत्राबद्दलचा निष्कर्ष होईल.

बर्लिनवाल्यांनी यावर सोपा उपाय सांगितला होता. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ठरावीक स्वराची शिट्टी वाजवायची, ४३५ हर्ट्झची. आज ती शिट्टी ४६२ ला ऐकू आली तर समजायचं, नळी सव्वासहा टक्के जोरात फिरतेय. कॅलिब्रेशन, कॅलिब्रेशन म्हणतात ते हेच. ज्या नळीवर शिट्टी नाही, तिथे कागदावरची नोंदच कामाला येणार.

इथे एक बारकावा आहे. वेग कायम चुकीचा असेल तर स्वरांमधलं अंतर बिघडत नाही, कारण सगळ्याला एकाच आकड्याने गुणलं जातं. पण ही यंत्रं चावीवर चालत. स्प्रिंग उलगडत जाताना वेग सव्वा टक्क्याने जरी कमी झाला, तरी फरक ८१/८० एवढा पडतो. आपल्याकडे प्रमाणश्रुती म्हणतात ती एवढीच. बावीस श्रुतींच्या वादात अशा जुन्या ध्वनिमुद्रणाचा दाखला कोणी दिला, तर आधी विचारा : ही श्रुती गळ्याची की स्प्रिंगची?

दोन : ऐकू आलं नाही म्हणजे नव्हतं?

भोंग्यातून मेणावर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये साधारण काहीशे ते दोन-तीन हजार हर्ट्झ एवढाच पट्टा बरा उतरतो. खर्जाच्या तारेचा मूळ स्वर त्याच्या खाली राहतो. शिवाय भोंगा गायकाच्या तोंडासमोर असतो आणि साथीदार मागे बसलेले. त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये तंबोरा ऐकू येत नसेल, तर 'तंबोरा नव्हता' असं म्हणता येत नाही. 'यंत्राने पकडला नाही', एवढंच म्हणता येतं. साथीला कोण बसलं होतं, हे फिल्म, फोटो किंवा टिपण सांगेल.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे कळायला हवं, पण आपणही चुकतो. उपकरणाच्या मर्यादेखालची गोष्ट आणि नसलेली गोष्ट, दोन्हींसाठी तक्त्यात शून्य लिहून मोकळे होतो.

तीन : गाणं तेवढंच होतं का?

मेणाच्या नळीवर दोन-तीन मिनिटं मावत. रात्रभर चालणाऱ्या विधीतली दोन मिनिटं कोणती निवडली? सुरुवातीची की रंगात आल्यावरची? गायकाने वेळेत बसवायला गाणं आवरतं घेतलं का? १९३८ पासून बाकेंनी 'टेफी' नावाचं जर्मन यंत्र वापरलं. त्यात फिल्मसारख्या पट्टीवर खाच उमटे आणि सलग जास्त वेळ मुद्रण होई. आता त्यांच्याच संग्रहातलं तिशीच्या सुरुवातीचं एक गाणं आणि नंतरचं एक गाणं घेऊन 'गाणी लांबत गेली' असं कोणी म्हटलं तर? गाणी होती तशीच असतील, यंत्र बदललं.

तिन्ही उदाहरणांत आवाज खराच आहे. पण त्यावरून काय म्हणता येईल आणि काय नाही, हे सोबतचे कागद ठरवतात.

मग कागद खरं बोलतात?

इतकं साधं असतं तर ही पोस्ट इथेच संपली असती.

बाकेंची आईला लिहिलेली पत्रं ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवली आहेत. प्रवास, माणसं, अडचणी, रोजचं काम यांसाठी तो मोठा साठा आहे. बॉब व्हॅन डर लिंडेन यांनी बाकेंचं चरित्र लिहिलं, त्यालाही पत्रांचा मोठा आधार आहे. पत्रं ताजी असतात, लेखासारखी घासूनपुसून ठेवलेली नसतात. पण आईला पत्र लिहिणारा मुलगा काय लिहितो? मी घरी फोन करतो तेव्हा ३६ फायली बाद झाल्याचं सांगत नाही, जेवलो म्हणून सांगतो. पत्र वाचताना ते कोणासाठी लिहिलंय हे विसरायचं नाही. बाकेंची वाचक हजारो मैल दूर हॉलंडमध्ये होती. तिला काय समजेल, काय आवडेल, कशाने काळजी वाटेल, हे सगळं त्या वाक्यांत मिसळलेलं असणार.

दुसरी अडचण संशोधकाच्या कानाची. बाके संस्कृत ग्रंथांतून संगीताकडे आले. त्या पिढीतल्या तौलनिक संगीतशास्त्राला जुनं, मूळचं, बाहेरचा स्पर्श न झालेलं असं काहीतरी शोधायचं होतं. असा माणूस गावात गेला की सामपठणासमोर यंत्र मांडतो. बाजारात वाजणाऱ्या फिल्मी रेकॉर्डसमोर मांडत नाही. त्या काळच्या गावात दोन्ही आवाज असतील, पण संग्रहात एकालाच जास्त जागा मिळते. यात लबाडी नाही, पण निवड आहे, आणि निवडीची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही.

तिसरी अडचण मला सगळ्यात गंभीर वाटते. हा 'बाके संग्रह' आहे. गायलं कोणी? कितीतरी अनोळखी माणसांनी. पण संग्रहाला नाव मिळालं भोंगा घेऊन आलेल्या माणसाचं. कॅटलॉगची रचनाच अशी की आधी संग्राहक, मग ठिकाण, तारीख, प्रकार, आणि गाणारा माणूस त्यात कुठेतरी. हा दोष एकट्या बाकेंचा नाही, सगळ्या जुन्या संग्रहांचा आहे. पण म्हणून तो दोष नाही असं होत नाही.

छेचाळीस वर्षांनी

या तिसऱ्या अडचणीवर एक उत्तर पुढच्या पिढीने शोधलं, आणि म्हणूनच हा संग्रह मला इतका महत्त्वाचा वाटतो.

नझीर जयराजभॉय हे बाकेंचे विद्यार्थी. इंग्लंडमध्ये जन्मले, मुंबईत वाढले. १९६३ मध्ये, म्हणजे बाके वारले त्याच वर्षी, त्यांनी ए. डब्ल्यू. स्टोन यांच्यासोबत एक लेख प्रसिद्ध केला. त्यात उत्तर हिंदुस्थानी कलाकारांचे स्वर प्रत्यक्ष मोजले होते. स्वर कलाकारागणिक बदलतात, एकाच सादरीकरणातही हलतात, असं मोजमापातून दिसलं. ग्रंथातल्या बावीस श्रुतींच्या ठरीव चौकटीत ते बसत नव्हते. गुरू ग्रंथाकडून गाण्याकडे आले, शिष्य गाण्यावरून ग्रंथ तपासायला निघाला.

पुढे १९८४ मध्ये जयराजभॉय आणि एमी कॅटलिन बाकेंच्या १९३८ च्या दौऱ्याच्या मागावर निघाले. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक. जुन्या रेकॉर्डिंग्जच्या आणि फिल्मच्या प्रती घेऊन ते त्या त्या ठिकाणी गेले आणि तिथल्या लोकांना त्या ऐकवल्या, दाखवल्या. काय टिकलंय, काय बदललंय, याचा शोध घेतला. बाकेंनी गाव, दिवस, प्रसंग लिहून ठेवले नसते तर जायचं कुठे, हा पहिलाच प्रश्न अडला असता. आपण प्रयोगाची पुनरावृत्ती म्हणतो, तिचं संगीतातलं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. आणि इथे तपासणाऱ्यांमध्ये गावातली माणसंही होती. कॅटलॉगमधली ओळ बरोबर की चूक, हे सांगण्याचा पहिला हक्क त्यांचाच.

जयराजभॉय यांच्या पुढाकाराने 'आर्काइव्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी' ही संस्था उभी राहिली. ती १९८२ मध्ये सुरू झाली पुण्यात. आता ती गुरुग्रामला आहे. परदेशी संशोधकांनी भारतात केलेल्या रेकॉर्डिंग्जच्या प्रती भारतात याव्यात, इथल्या अभ्यासकांना ऐकता याव्यात, हा तिच्या कामाचा पाया. बाकेंच्या रेकॉर्डिंग्जच्या प्रतीही तिथे आल्या.

तर मत काय?

बाकेंचा संग्रह 'जुन्या भारताचा खरा आवाज' म्हणून ऐकला तर फसगत होईल. तो एका माणसाचा, एका यंत्राचा, एका काळाच्या आवडीचा आवाज आहे. पण त्या माणसाने इतके कागद मागे ठेवले की त्याच्या चुका, त्याची निवड, त्याच्या यंत्राच्या मर्यादा आपल्याला शोधता येतात. माझ्या ३६ फायलींबद्दल हे म्हणता येत नाही. त्यांतली चूक मलाही शोधता येणार नाही, कारण ती शोधायला लागणारी नोंदच मी ठेवली नाही.

संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी याचा अर्थ अगदी व्यवहारातला आहे. प्रत्येक मोजणीसोबत उपकरण, त्याची सेटिंग आणि कॅलिब्रेशन लिहा. काय मोजलं नाही आणि का नाही, तेही लिहा. माणसांकडून डेटा घेत असाल तर त्यांची परवानगी घ्या, आणि त्यांची हरकत नसेल तर त्यांची नावं नीट नोंदवा. आणि जुना संग्रह वापरताना रेकॉर्डिंग डाउनलोड करण्याआधी टिपणं मागा.

मी आता वहीत पहिला रकाना सुताचा ठेवलाय. घोडीच्या पुढच्या कडेपासून किती मिलिमीटर, ते लिहितो, मगच माइक सुरू करतो. त्या ३६ फायली काढून टाकलेल्या नाहीत. नवीन कोणी लॅबमध्ये आलं की ऐकवतो आणि विचारतो, यावरून तुम्हाला काय सांगता येईल?